लाल सोंगटी पहिली पोचली

सव्वीस वर्षं टपाल वाटल्यावर पोस्टमनने एकदाची दहा दिवसांची रजा टाकली आणि ती चक्क मंजूर झाली. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. घोटाळा पुढे झाला. रजेत काय करणार, हे त्याने बायकोला सांगितलं.

"काहीही नाही," तो म्हणाला. "खिडकीजवळची खुर्ची, समोर ते हिरवं स्टूल, स्टुलावर पाय. दहा दिवस."

बायकोने हातातली चादर अर्धवट घडीसकट खाली ठेवली. "मला डोंगरावर जायचंय. चालत."

"चालत?" पोस्टमनला बसल्या जागी घाम फुटला. (चालायचा तो रोजच, पण त्याचा निदान पगार मिळत होता.) "अगं, आचाऱ्याला सुट्टीत कुणी स्वयंपाकाला लावतं का?"

"गावभर चालता. माझ्याबरोबर कधी कोपऱ्यापर्यंत तरी आलात? आणि आलात तरी दहा पावलं पुढे. मला आता तुमच्या तोंडापेक्षा पाठच जास्त ओळखीची झालीय."

हे ती हसतच म्हणाली, पण शेवटी शेवटी आवाज जरा पडला. पोस्टमनला वाईट वाटलं. पण पाय त्याचेच होते, आणि ते दुखत होते.

लेक मध्ये पडली. तिने मैत्रिणीकडून एक खेळ आणला होता: पायथ्यापासून खिंडीपर्यंत डोंगर चढायचा. "भांडता कशाला? खेळूया. जो जिंकेल त्याने सुट्टीचं ठरवायचं. पण चौघं लागतात."

चौथ्या म्हणून पोस्टमनच्या सासूबाईंना दिवाणावरून उठवण्यात आलं. गुडघ्यांच्या इलाजासाठी त्या महिनाभर लेकीकडे आल्या होत्या. "मला मेलीला काय कळतंय त्यातलं?" असं म्हणत त्यांनी चष्मा लावला आणि हिरवी सोंगटी उचलली. बायकोने निळी घेतली, लेकीने पिवळी. पोस्टमनने अर्थातच लाल. टपालपेटीचा रंग सोडून त्याला दुसरा रंग डोळ्यापुढे येतच नसे.

लेकीने नियमांचं पुस्तक उघडलं. "प्रत्येक टप्प्यावर एक कार्ड उचलायचं. कार्डांवर झरे, पक्षी, रानफुलं आहेत, आणि कडा चार रंगांच्या. एखाद्या जागी पाळी सोडून थांबलं, तर…"

"कळलं," पोस्टमन म्हणाला. "खालून निघायचं, वर पोचायचं."

"बाबा, अजून सहा पानं आहेत!"

"मला तू रस्ता शिकवणार?"

लेकीने पुस्तक मिटलं. खेळ सुरू झाला. पोस्टमनची सोंगटी तरातरा निघाली. पहिल्या टप्प्यावर त्याने कार्ड उचललं, उलटसुलट पाहिलं. कड हिरवी. त्याने ते अदबीने सासूबाईंपुढे ठेवलं.

"हे तुमचं."

"माझं?"

"हिरवं आहे ना? हिरवी सोंगटी तुमची." (सही घ्यायला त्याचा हात खिशातल्या पेनाकडे गेलासुद्धा होता. कसाबसा आवरला.)

लेकीने तोंड उघडलं. टेबलाखाली बायकोने तिच्या पायावर पाय दिला. लेकीने तोंड मिटलं, पण राहवेना. "बाबा, नक्की? नियम एकदा वाचायचा का?"

"सव्वीस वर्षांत एक पाकीट चुकीच्या दारात टाकलेलं नाही मी. वाचायचं काय त्यात?"

मग निळं आलं, ते बायकोला. पिवळं लेकीला. पुन्हा हिरवं. पोस्टमन चढत होता आणि वाटत होता. टपाल वाटायला इतकी सरळ बीट त्याला नोकरीतही कधी मिळाली नव्हती. ना कुत्रा, ना जिना.

सासूबाईंचं मात्र बरं दिसत नव्हतं. त्या दर दोन टप्प्यांनी सोंगटी खाली बसवायच्या. "थकली असेल हो बिचारी. गुडघे आहेत तिला. घे गं जरा दम, झरा बघ, पाखरं बघ." पोस्टमनला त्यांची दया येत होती.

तो खिंडीत पहिला पोचला. पोचला म्हणजे काय, बाकीच्या तिघी अजून अर्ध्या वाटेवर होत्या. तो उठला, खिडकीजवळ गेला, हिरवं स्टूल ओढलं आणि पाय वर टाकले. "तुमचं होऊ द्या सावकाश. माझी रजा सुरू झाली."

शेवटी एकदाच्या सगळ्या पोचल्या आणि लेकीने सहावं पान वाचलं. "पहिल्या पोचणाऱ्याला तीन गुण. कुठल्याही एका रंगाची तीन कार्डं जमवली की दहा गुण. आणि थांबून पाहिलेल्या प्रत्येक जागेचे चार."

स्टुलावरचे पाय खाली आले.

"बाबा, तुमच्याकडे कार्डं किती?"

"एक. लाल."

"एकट्याचे काही नाहीत."

"आणि मी वाटली ती?"

"पोचली हो सगळी, ज्याची त्याला," बायको म्हणाली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

बेरीज झाली. पोस्टमन तीन. लेक अठ्ठावीस. बायको छत्तीस. सासूबाई चोपन्न.

पोस्टमनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सासूबाई! गुडघे! त्या काय डोंगराचं नाव घेणार? तो लगबगीने त्यांच्यापाशी गेला. "आई, ठरवायचं तुम्ही. फक्त तुमच्या गुडघ्यांना विचारून ठरवा."

बायकोचं हसू मावळलं. ती सोंगट्या डब्यात भरू लागली.

सासूबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "जावईबापू, वाटेत केवढा सुंदर झरा होता. पाहिलात?"

"झरा? कुठे?"

"बघा." त्यांनी मान हलवली. "तुम्ही दोघं डोंगरावर जा. आणि माझी लेक जिथे थांबेल, तिथे थांबायचं. तिच्या मागे चालायचं."

बायकोच्या हातातली निळी सोंगटी हातातच राहिली. आपल्या आईकडे ती असं काही बघत होती, की पोस्टमनला 'पण' म्हणायचा धीर झाला नाही.

"आणि आई, तुम्ही?" त्याने क्षीण आवाजात विचारलं.

"मी कशी येणार? माझे गुडघे." सासूबाई चांगल्या टुणकन उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि खुर्चीत ऐसपैस बसल्या. "मी आपली इथेच बसेन दहा दिवस. तेवढं स्टूल सरकवता?"

पोस्टमनने स्टुलाकडे पाहिलं. हिरवं होतं. त्याने ते मुकाट्याने सासूबाईंच्या पायांशी पोचवलं.