म्हसोबाच्या डोंगराचें अपील मुदतीबाहेर गेलें, त्याची हकीकत

श्रीमुदत प्रसन्न. तिचे कृपेवांचून या राज्यांत कोणाचें पान हालत नाहीं, म्हणोन तिला आधीं दंडवत. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, चैत्र वद्य पंचमीस पर्यावरणाचे दिवाणसाहेब कचेरींत येऊन बसले आणि म्हसोबाचा डोंगर फोडून खडी करावयाची मंजुरी खाणवाले ईश्वरशेट यांसी मेहेरबान होऊन दिधली. डोंगराचे पोटीं झरा होता आणि कातळझरी गांव त्याच झऱ्यावर जगत होता. ती गोष्ट कागदीं 'किरकोळ ओल' ऐशी नमूद जाहली.

कायदा ऐसा कीं, रयतेस मंजुरी मान्य नसेल तर हुकूम जाहीर जाहल्यापासोन तीस दिवसांत न्यायसभेकडे अपील करावें, आणि कारण रास्त असल्यास वर साठ दिवसांची सवलत मिळावी. नव्वदावर एक दिवस जाहला तर साक्षात म्हसोबा आला तरी दार उघडूं नये. मग मंजुरीचे त्याच दिवशीं शिपायानें हुकूम डोंगरावरील वडास खिळ्यानें ठोकिला आणि 'जाहीर जाहला' ऐसें लिहून दिलें, आणि दुसरे दिवशीं ईश्वरशेटींचे गडी आले आणि पहिला तोच वड पाडिला, आणि वडासोबत हुकूमही वखारीस गेला. गांवानें पुसलें, तर मुकादम बोलिला, "रस्त्याचं काम हाय." रस्ता ऐकोन गांव खूश जाहला. मग ऐंशीव्या दिवशीं सुरुंग उडाला आणि झऱ्यास गढूळ पाणी आलें, तेव्हां सर्वांचे डोळे उघडले.

मग ठकूबाई डोईफोडे, वय सत्तर, गांवची माजी सरपंच, तिणें दोन दिवसांत सह्या-अंगठे गोळा केले आणि हुकुमाची नक्कल मागावयास दिवाणांचे कचेरींत गेली. नक्कल देणार कारकून मेहुण्याचे लग्नास गेले होते. ते आठ दिवसांनीं परतले आणि लाडू वांटून जाहल्यावर नक्कल दिधली. ती घेऊन बाई तशीच न्यायसभेंत आली.

न्यायाधीश बोलिले, "बाई, इतका उशीर?"

ठकूबाई बोलिली, "साहेब, कागद झाडाला व्हता आन् झाड तुमच्याच सरकारच्या हुकमानं पाडलं. आमी वाचावं कुटं?"

"झाड पडलें तरी मुदत थांबत नाहीं."

"मग मुदत ऱ्हाऊ द्या. येकदा झरा तेवढा बघून जावा."

"झरा पाहण्याचा अधिकार अपील दाखल जाहल्यावर."

आणि न्यायाधीशांनीं दिवस मोजणाऱ्या कारकुनाकडे पाहिलें, आणि कारकुनानें बोटें मोजून अर्ज केला कीं, एक्याण्णव. मग अपील फेटाळलें, आणि बाईंचे तळमळीची तारीफ निकालांत लिहिली, आणि सभा जेवावयास उठली. ईश्वरशेटींनीं पेढे धाडिले. दिवाळीचे आंत झरा आटला, आणि बाई आतां दीड कोसांवरून हंडा वाहते.

एकंदरींत, न्याय वेळेवर जाहला, कायदा शाबूत राहिला आणि कोणाचें कांहीं चुकलें नाहीं. हुकूम जाहीर जाहला तो पहिला दिवस मुदतींत धरूं नये, ऐसा मात्र सभेचा जुना शिरस्ता आहे. तो पहिला दिवस सोडिला असता तर अपिलाचा दिवस नव्वदावा ठरता आणि अपील दाखल होतें. तो दिवस बोटें मोजतांना आम्हींच धरिला. साहेबांचें लक्ष जेवणाकडे लागलें होतें, आणि आमचेंही. ठकूबाईस हें अद्याप कोणीं सांगितलें नाहीं.