श्रीरंगच्या पोटातला नया पैसा

बोरनहाणाला बोरं होती, चुरमुरे होते, हलव्याचे दागिने घालून श्रीरंग पाटावर बसलाही होता. नव्हती फक्त नाणी. मयूर विहारच्या त्या फ्लॅटमध्ये भाजीपासून दुधापर्यंत सगळे पैसे फोनवरून जात, त्यामुळे सुटं नाणं औषधालाही सापडेना.

"देवघरातल्या डबीत असतील बघ," कुमुद म्हणाली. तिच्या एका हातात श्री, दुसऱ्या हातात त्याची निसटलेली चड्डी होती. तिच्या नवऱ्याने, विनायकने डबी आणली आणि न बघता चुरमुऱ्यांत रिकामी केली.

दीड वर्षाच्या श्रीच्या डोक्यावर सगळा वर्षाव झाला. सोसायटीतली पोरं तुटून पडली. दोन मिनिटांत सतरंजी साफ. मग शेजारच्या पाच वर्षांच्या वीणाने कुमुदचा पदर ओढला.

"आँटी, श्रीने ना, पैसा खाल्ला. छोटावाला. ब्राउन."

कुमुदने वाकून सतरंजी चाचपली. तपकिरी नाणं डबीत एकच होतं.

ते सासूबाईंचं. सुहासिनीबाईंचे वडील मुंबईला टांकसाळीत होते. एक एप्रिल सत्तावन्नला आणे जाऊन पैसे आले, त्या दिवशीचा तो नया पैसा त्यांनी लेकीला लग्नात दिला होता. घरी येणाऱ्या प्रत्येकाला सासरे, म्हणजे अप्पा, तो दाखवत. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह, दुसऱ्या बाजूला 'रुपये का सौवाँ भाग'. "लोकांना हिशेब कळावा म्हणून नाण्यावरच लिहिलं! आणि हा नया पैसा चौसष्टपर्यंत नयाच राहिला, बरं का." दाखवताना त्यांचा अंगठा मात्र नेहमी सालावर असे.

"तोंड उघड रे राजा, आ कर," कुमुद विनवत होती. श्रीने आ केला. आत नुसता तीळ.

"चलो, गाडी काढतो," म्हणत विनायक धावला, तो चपलांशिवायच.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कौन सा सिक्का? एक का, दो का?"

"एक नया पैसा," अप्पा पुढे सरसावले. "काँसे का. सोलह मिलीमीटर, डेढ़ ग्राम."

"अंकल, मुझे बस इतना बताइए, नुकीला तो नहीं?"

"बिल्कुल नहीं! एकदम गोल. नुकीला होता तो..."

"अप्पा!" कुमुद रडकुंडीला आली. श्री मजेत डॉक्टरीणबाईंचा स्टेथोस्कोप चावत होता.

एक्स-रेत इवल्याशा पोटात पांढरा गोल ठिपका, जणू पौर्णिमेचा चंद्र. "पेट में पहुँच गया है. अपने आप निकल आएगा. डायपर देखते रहिए. उल्टी हो, पेट दुखे, तो फ़ौरन लाइए."

कुमुदने ऑफिसला सुट्टी टाकली. श्री हसला तरी तिला वाटे, दुखतंय म्हणून तोंड वाकडं करतोय. झोपला की ती त्याच्या पोटावर कान ठेवून बसे. डायपर बदलताना बाथरूमच्या दाराबाहेरून अप्पांचा घाबरा आवाज येई, "आलं का?"

"नाही, अप्पा."

"नीट बघितलंस?"

"तुम्ही येता का बघायला?"

अप्पांची पावलं लगबगीने दूर जात. सासूबाई मात्र स्वयंपाकघरात शांतपणे गुळाच्या पोळ्या लाटत होत्या. "येईल गं. पोटात कुठे दुकान थाटणारे?"

तिसऱ्या दिवशी दुपारी आलं. कुमुदने आधी श्रीचे पापे घेतले, मग रडून घेतलं, मग ते नाणं साबणाने पाच वेळा धुतलं. पुसताना सहज साल वाचलं आणि ती दचकली. बाल्कनीत अप्पांजवळ जाऊन म्हणाली, "अप्पा, ह्यावर एकसष्ट लिहिलंय."

"हळू!" अप्पांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "खरं सत्तावन्नचं विनायकने गिळलं. त्याच्याच बोरनहाणात. मीच टाकलं होतं, शुभ म्हणून. लस टोचायचीय सांगून गुपचूप डॉक्टरकडे नेलं. पोरगा ठणठणीत, पण नाणं काही मिळालं नाही. मी दिवसभर ऑफिसात. शेवटी लाल किल्ल्यासमोरच्या फुटपाथवरून हे आणलं. तिच्या वडिलांची आठवण गं ती! पस्तीस वर्षं झाली, दर दिवाळीला डबी घासायला निघते आणि माझा जीव वर-खाली होतो. तिला सांगू नकोस."

"काय सांगायचं नाही?" सुहासिनीबाई पोळ्यांची ताटली घेऊन दारात उभ्या होत्या. अप्पांचा चेहरा उतरला.

सुहासिनीबाईंनी ताटली कुमुदच्या हातात दिली, आत गेल्या आणि आपला कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. तळाच्या कापसातून एक छोटं तपकिरी नाणं काढून अप्पांच्या तळहातावर ठेवलं. अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला, नाणं डोळ्यांजवळ नेलं. सत्तावन्न.

"हे... तुला कुठे मिळालं?"

"अहो," सुहासिनीबाई म्हणाल्या, "लंगोट कोण धूत होतं ह्या घरात?"

अप्पांनी नाणं उलटसुलट करून पाहिलं. मग पुटपुटले, "मग इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही कधी बोलता, त्याची वाट बघत होते. पोळी घ्या, गार होतेय."

कुमुदने पटकन दोन्ही नाणी मुठीत घेतली. श्रीरंग दुडदुडत बाल्कनीच्या उंबऱ्यापर्यंत पोचला होता, आणि त्याने आ केला होता.