फोनवरचा डोळा

आप्पा सोनवणे एसटीडी बूथमध्ये शिरताना चपला बाहेर काढायचे. मग शर्टाच्या टोकाने चष्मा पुसायचा, नाशिकच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावायचा आणि डावा डोळा चांगला ताणून रिसिव्हरपुढे धरायचा! मी हसलो की म्हणायचे, "डॉक्टरसमोर उभं राहायचं भाऊ, नीट नको का?"

नरोलीला आमच्या भाड्याच्या खोल्या शेजारी-शेजारी. धाग्याच्या कंपनीतही आम्ही एकत्रच. माणूस धुळ्याकडचा, एकटा. बायको वारलेली, मुलगा सुरतेला आणि त्याचं पत्र नाही. आप्पांना काचबिंदू होता. डॉक्टरांनी सांगितलेलं, "दर तीन महिन्यांनी तपासायला या. मध्ये काही वाटलं तर फोन करा." आप्पांनी त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं उचललं. दर रविवारी फोन!

डॉक्टर भला माणूस. विचारायचे, "समोरचं काही वाचता येतं का?" आप्पा एक डोळा झाकून समोरच्या भिंतीवरची सिमेंटची जाहिरात खणखणीत वाचायचे, "मजबूत घर, सुखी परिवार!" डॉक्टर बजावायचे, "आप्पा, वाचता आलं म्हणून काचबिंदू थांबला असं नाही. इकडे या." आप्पा म्हणायचे, "येतो ना सायेब. पुढच्या महिन्यात." तो महिना दोन वर्षं आला नाही. मला भयंकर राग यायचा. मरा तिकडे, म्हणायचो मनात.

एका रविवारी बूथवर मलाही काम होतं. आदल्या दिवशीच त्या भिंतीला चुना मारलेला. आप्पांनी उजवा डोळा झाकला आणि पांढऱ्याफटक भिंतीकडे बघत ठणकावलं, "मजबूत घर, सुखी परिवार!"

"अहो आप्पा, भिंत कोरी आहे!"

त्यांनी रिसिव्हरवर हात दाबला. "बोलू नको रे. बिघडलं म्हटलं तर ते फोन बंद करतील, दवाखान्यात बोलावतील. तिथं नंबर लावा, पाच मिनिटं, चला पुढचा. इथं कसं, 'आप्पा, कसे आहात?' विचारतात. आठवड्यातून तेवढं एकच माणूस विचारतं."

मी रिसिव्हर हिसकावला आणि सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्यांना नाशिकला नेलं. डावा डोळा गेलेला होता. उजव्यातली थोडी नजर वाचली.

परतताना बसमध्ये मी त्यांना खूप बोललो. आप्पा खिडकीकडे तोंड करून बसले. बोलता बोलता मला माझंच आठवलं. तीन वर्षं आमच्या दोघांत एकच भिंत होती आणि रोज सकाळी मी तिच्यावर थाप मारून विचारायचो, "आप्पा, नळाला पाणी आलं का?"