निरोप पुसणाऱ्या वाघमारे मॅडम

बारशाला गेल्यावर बाकीचे बाळाच्या हातात काहीतरी ठेवतात. आमच्या वाघमारे मॅडम बाळाच्या आईला बातमी देतात, "बाई, तुमचे निरोप यानं कवाच पुसून टाकले बरं का!" पाळण्याभोवतीच्या बायका एकमेकींकडे बघायला लागतात. मग मीच पुढे होऊन सांगते, की मॅडम आमच्या लातूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात, घाबरण्यासारखं काही नाही.

प्रयोगशाळेत त्यांनी पट्ट्यापट्ट्यांचे झेब्रा मासे पाळलेत. सकाळी दिवा लागला की मासे अंडी घालतात आणि मॅडम चहा तसाच सोडून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतात. मी वनस्पतिशास्त्राची, तरी मलाही हाक येते.

"ये गं सुरेखा. बघ, गर्भ कसा भराभर वाढून राहिलाय! पण ह्याचं स्वतःचं अजून काहीच न्हाई. आईनं अंड्यात आरएनएचे निरोप भरून दिलेत, हे कर, ते कर. त्याच्यावरच चाललंय सगळं."

काही तासांनी गर्भाची स्वतःची जनुकं जागी होतात. जाग आल्या आल्या ती आईचे बहुतेक निरोप मोडीत काढायला लागतात.

"न्हाई काढले तर वाढच खुंटते. लई हुशार लेकरू!" म्हणत मॅडम माझ्याकडे टाळी मागतात.

एकदा प्रवेशासाठी औशाच्या एक बाई मुलाला घेऊन आल्या. मॅडमनी मुलाला नाव विचारलं. बाईंनी सांगितलं. आवडता विषय विचारला. तोही बाईंनीच सांगितला.

"तहान लागली का रे?"

"न्हाई लागली त्याला," बाई म्हणाल्या.

"मग असं करा, प्रवेश तुम्हीच घ्या. हा घरी जाऊन स्वयंपाक करंल."

बाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात पोरगा हळूच म्हणाला, "मम्मी, मला लागलीय तहान." आधी बाईच हसत सुटल्या.

गेल्या वर्षी मॅडमची एकुलती एक मिनल शिकायला बंगळुरूला निघाली. मिस्टर गेल्यापासून घरात मायलेकी दोघीच. बसस्थानकावर बाकीच्या आया खिडकीला लटकून सूचना देत होत्या. मॅडमनी लाडवांचा डबा तेवढा आत दिला.

"मम्मी, काहीच सांगायचं न्हाई?"

"न्हाई. तुझं तू बघ."

बस निघाली. मॅडमनी हसून हात हलवला.

परतताना रिक्षात माझ्या शेजारी त्या बाहेर बघत बसल्या. बाहेरच बघत बोलायला लागल्या.

"खिडकी लावून झोप, कान दुखतो तुझा. भूक लागली की चिडतीस, लाडू ठेवलेत, खा. रडू आलं तर फोन कर. कवाबी कर, मी कामात नसते."

त्यांचा हात हातात घेऊन मी म्हणाले, "हाव, मम्मी."