नाव घेणारी चंद्राक्का

विट्यात आमच्या आळीत नवी नवरी आली, की माप ओलांडायच्या आधी चंद्राक्का तिच्या कानाला लागायची. उखाणा पढवायला. दुसऱ्या कुणाचा उखाणा तिला चालायचा नाही. "त्यो शिळा हाय," म्हणायची.

माझ्याही कानात तिनं एक सोडला. मी पडले भोळी. उंबऱ्यात उभी राहून खणखणीत म्हणाले, "भरल्या कणगीत उंदरानं केला शिरकाव, घोरून आळी जागवत्यात तुकारामराव!" सासऱ्यांच्या तोंडातलं पान बाहेर आलं. नवरा महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. चंद्राक्काला त्याचं काही नाही. "भिंतीला भिंत हाय आपली. मला ठावं न्हाई व्हय?"

तिचे मालक कलकत्त्याला, सोनं गाळायच्या दुकानात. विट्याचे कितीतरी पुरुष तिकडंच. वर्षा-दोन वर्षांनी घरी यायचे. चंद्राक्काचे मालक मात्र कैक वर्षांत फिरकले नव्हते. पण चंद्राक्काचा तोरा असा, की जणू ते माजघरात पानावर बसलेत. "आमच्या मालकांना गवारी चालत न्हाई," म्हणून भाजीवालीला परत पाठवायची.

लढाईत कलकत्त्यावर जपानचे बॉम्ब पडले आणि आमच्याकडची माणसं मिळेल त्या गाडीनं घरी आली. तिचे मालक आले नाहीत. "समदी भ्याली," चंद्राक्का म्हणाली. "आमचं मालक भित्यात व्हय! दुकान राखत बसल्यात." आलेल्यांनी आपापल्या बायकांना खरं सांगितलं होतं. चंद्राक्काच्या मालकांनी तिकडं दुसरं घर केलं होतं, पोरंबाळंही होती. आळीभर झालं. चंद्राक्काला कुणी सांगितलं नाही आणि तिनंही कुणाला विचारलं नाही. कपाळावरचं कुंकू तेवढं रुपयाएवढं झालं.

त्याच संक्रांतीला आमच्याकडं हळदीकुंकू होतं. वडूजहून नुकतीच आलेली एक सून, तिला बिचारीला काय माहीत! "आक्का, समद्यांस्नी पढवता, आता तुमी घ्या की नाव!"

बायकांचा तिळगूळ हातातच राहिला. मी उगीचच अत्तरदाणी पुढं केली. पण चंद्राक्का पदर सारखा करून उभी राहिली. "कलकत्त्याच्या मुशीत सोनं आटतंय पिवळंजर्द..."

आणि थांबली. ओठ हलले, पण नाव येईना. मग एकदम खो खो हसत सुटली. "आगं बया! नावच आटवंना! म्हातारी झाले की गं!" सगळ्या हसल्या, जरा जास्तच हसल्या.

तिन्हीसांजेला मी तिला दारापर्यंत सोडायला गेले. कडी काढता काढता ती म्हणाली, "इंदे, आटवत हुतं गं. पर तिकडं ती बी ह्येच नाव घेत आसंल न्हवं?"

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. मला रडूच फुटलं.

"तू का रडतीस, याडे?" तिनं दार ढकललं. आमच्याकडं बाई उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव तोंडात आणत नाही. चंद्राक्कानं अंधाऱ्या घरात नुसती हाक मारली, "शंकर!" आणि ओ येईल म्हणून की काय, उंबऱ्यातच उभी राहिली.