बटणामागची मोकळी जागा

कार्यालयाच्या लिफ्टमधलं 'दार बंद' हे बटण झिजून गुळगुळीत झालं, त्यावरची अक्षरं पुसली गेली आणि एका सोमवारी ते आत रुतून बसलं. बाब गंभीर होती. लिफ्टमध्ये शिरणारा प्रत्येक कर्मचारी मजल्याचं बटण एकदा आणि 'दार बंद'चं निदान तीनदा दाबत असे. ते रुतल्यामुळे लोकांना लिफ्टमध्ये हाताचं काय करावं हेच कळेना. काहींनी तर एकमेकांशी बोलायला सुरुवात केली. प्रकरण आणखी हाताबाहेर जाऊ नये म्हणून सुविधा अधिकाऱ्यांनी तातडीने मेकॅनिक बोलावला.

सुविधा अधिकारी म्हणजे इमारतीतले दिवे, नळ, लिफ्ट आणि त्या सगळ्यांवरून खावी लागणारी बोलणी ज्यांच्या वाट्याला येतात ते गृहस्थ. ऑफिसात त्यांना सोयीसाहेब म्हणत. माणूस सरळ, थोडा घाबरट, आणि स्वतःला सुधारण्याच्या बाबतीत कमालीचा चिकाटीचा. त्यांची बायको दुसऱ्या गावी शाळेत मुख्याध्यापिका होती. त्याच गावात खात्याची शाखाही होती. तिथे बदली मिळावी म्हणून सोयीसाहेबांनी अर्ज केला, त्याला चार वर्षं झाली होती. चार वर्षं नवरा-बायको शनिवार-रविवारचे पाहुणे असल्यासारखे एकमेकांकडे जात-येत होते. बदली एवढी एकच गोष्ट सोयीसाहेबांना आयुष्यात हवी होती. बाकी सुधारणा ते स्वतःच करून घेत होते.

मेकॅनिकने लिफ्टमधली पट्टी उघडली, आत डोकावला आणि म्हणाला, "साहेब, याला वायरच नाही."

"तुटली?"

"तुटायला आधी असावी लागते. ही कधी जोडलेलीच नव्हती. दार आपलं आपण बंद होतं, थोड्या वेळाने."

"मग आम्ही इतकी वर्षं काय दाबत होतो?"

"ते मी कसं सांगणार साहेब?"

सोयीसाहेबांना हे फार लागलं. दोनदा झटपट आणि तिसऱ्यांदा जरा दाबून धरायचं, ही त्यांची स्वतःची पद्धत होती. नव्या भरतीच्या लोकांना ती त्यांनी जातीने शिकवली होती. पण माणूस प्रामाणिक. "खोटं बटण माझ्या इमारतीत चालणार नाही," असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे वायर जोडून घेतली.

मंगळवारपासून बटण दाबलं की दार बंद होऊ लागलं. त्यामुळे हाहाकार माजला. सवयीप्रमाणे पहिला माणूस आत शिरताच तीनदा दाबी आणि दुसरा दारात चेपला जाई. लेखापालांची डब्याची पिशवी आत गेली, लेखापाल बाहेर राहिले. पिशवी चौथ्या मजल्यावर वेळेत पोहोचली, लेखापालांच्या खाती उशीर लागला. टायपिस्टबाई आणि आवक-जावकच्या बाई या जुन्या जिवलग मैत्रिणी. पण मिटत्या दाराच्या फटीतून एकीने दुसरीचं बोट बटणावर पाहिलं आणि दोघींचं बोलणं बंद झालं. बोट पूर्वीही तिथेच असायचं, पण दार उघडं राहायचं, म्हणून मैत्रीही राहायची. बुधवारी संचालकबाईंच्या नाकासमोर दार मिटलं. आत कोण होतं याची चौकशी झाली तेव्हा सगळा दुसरा मजला त्या वेळी जिन्यात होता असं निष्पन्न झालं.

संचालकबाईंनी सोयीसाहेबांना बोलावून घेतलं.

"ते बटण चालतं?"

"हो मॅडम, आता चालतं."

"कोणी सांगितलं होतं चालवायला?"

"बटण आहे म्हणून..."

"बटण दाबायला असतं हो! चालायला कशाला हवंय? आधी त्याबद्दल एक तरी तक्रार होती का?"

"नव्हती."

"आणि आता?"

"टेबलावर मावत नाहीत."

"मग निष्कर्ष तुम्हीच काढा."

सोयीसाहेबांनी निष्कर्ष काढला. टिपणीत त्यांनी लिहिलं, 'तक्रारींचे मूळ कारण वायर असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब वायर काढून टाकण्यात यावी.' वायर निघाली. तक्रारी थांबल्या. मैत्रिणी पुन्हा डबा वाटून खाऊ लागल्या. संचालकबाईंनी टिपणीवर 'उत्तम' असा शेरा मारला. सोयीसाहेबांच्या नोकरीतला तो पहिलाच उत्तम. त्या शेऱ्याने त्यांच्या डोक्यात चक्रं फिरू लागली.

मुख्य हॉलमध्ये एसीवरून जुनं भांडण होतं. लेखा विभागाला थंडी वाजे आणि आस्थापना विभागाला उकडे. सोयीसाहेबांनी दोघांच्या मधल्या भिंतीवर एक सुबक गोल खटका बसवला. डावीकडे फिरवला की निळा उजेड, उजवीकडे फिरवला की तांबडा. मागे वायर होती ती दिव्यापुरती, एसी होता तसाच चालू होता. लेखा विभागाने खटका तांबड्याकडे फिरवला आणि स्वेटर काढून ठेवले. आस्थापना विभागाने निळ्याकडे फिरवून खिडक्या लावून घेतल्या. पुढच्या आठवड्यात लेखा विभागातल्या एका बाईंनी, 'आता जरा जास्तच गरम होतंय, त्या बिचाऱ्यांचाही विचार करायला हवा,' म्हणत आपणहून खटका निळ्याकडे फिरवला. असा समजूतदारपणा त्या हॉलने कधी पाहिला नव्हता.

ही कीर्ती ऐकून एक रचना सल्लागार, म्हणजे डिझायनरबाई, आल्या. पांढरे बूट, गळ्यात चष्मा, आणि कुठलीही वस्तू पाहून खोल श्वास घेण्याची सवय. त्यांनी खटका फिरवला, श्वास घेतला आणि म्हणाल्या, "वापरणाऱ्याचा प्रवास किती सुंदर आहे हो तुमच्याकडे! सुरू होतो तिथेच संपतो. वाटेत कुठे अडथळाच नाही."

"पण याने होत काहीच नाही," सोयीसाहेब जरा चाचरत म्हणाले. प्रामाणिकपणाची जुनी खोड अजून पुरती गेली नव्हती.

"होण्याचं काय घेऊन बसलात? होणं हे तंत्रज्ञानाचं काम. वाटणं हे रचनेचं."

सोयीसाहेबांना हे पटलं, कारण त्यांचा स्वतःचा अनुभवही तोच होता. त्यांच्या फोनमध्ये आत्मसुधारणेचं एक ॲप होतं. ते रोज सकाळी विचारी, 'आज ध्यान केलंत का?' सुरुवातीला सोयीसाहेब खरेपणाने 'नाही' दाबत. मग पडद्यावर एक रडवेला चेहरा येई आणि त्यांचा दिवस वाईट जाई. पुढे ते पांघरुणातूनच 'हो' दाबू लागले. पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडे, 'तुम्ही कालच्यापेक्षा शांत आहात' असं उमटे, आणि खरं सांगायचं तर ते असतही. ध्यानात जाणारी वीस मिनिटं झोपायला मिळत, त्याचाही गुण असेल.

मग सुधारणा तळमजल्यावर उतरली. तिथे तक्रार खिडकी होती. खिडकीमागे एक त्रासलेला कारकून बसे आणि खिडकीपुढे त्रासलेले लोक उभे राहत. ती खिडकी बुजवून तिथे नवा पडदा बसला. 'तक्रार नोंदवा' असं मोठं गोल बटण, दाबलं की हिरवी खूण, पाठोपाठ एक गोड घंटा आणि 'आपलं म्हणणं आमच्यापर्यंत पोहोचलं आहे' हे वाक्य. घंटा सोयीसाहेबांनी स्वतः निवडली. कितीतरी आवाज ऐकून, डोळे मिटून, ज्या आवाजाने छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं तो त्यांनी घेतला. पडद्याच्या मागे भिंत होती.

पाण्याच्या जोडणीसाठी हेलपाटे घालणारे एक आजोबा पहिल्याच दिवशी आले. त्यांनी बटण दाबलं, घंटा ऐकली, चष्मा पुसला.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मधे न बोलता ऐकून घेतलं," ते म्हणाले.

"पाणी आलं का आजोबा?" सोयीसाहेबांनी विचारलं.

"पाणी येईल हो सावकाश. आधी माणसाचं ऐकलं तर पाहिजे." दुसऱ्या दिवशी ते शेजाऱ्यांनाही घेऊन आले.

सोयीसाहेबांनी हे सगळं फोनवर बायकोला उत्साहाने सांगितलं. ती वर्गात शिकवावं तसं ऐकून घेत होती.

"म्हणजे तुझ्या 'हो'सारखं केलंयस तू ते," ती म्हणाली. "गिझर दुरुस्त करून आणतोस का, हो. बँकेत जाशील का, हो. दिवा लागतो, पुढे काही नाही."

"अगं, चेष्टा नको करूस. समाधान किती वाढलंय माहितीये?"

"समाधान राहू दे. बदलीचं काय झालं ते सांग."

बदलीचं काम मुख्यालयात होतं. तिथे बदली शाखेत एक तापट साहेब बसत. सोयीसाहेब दर काही महिन्यांनी त्यांच्यापुढे जाऊन उभे राहत आणि बोलणी खाऊन येत. पण बोलण्यांगणिक काम तसूभर पुढे सरके. गेल्या खेपेला तर त्या साहेबांनी 'किती वेळा याल हो तुम्ही!' असं ओरडत फाइल कपाटातून ओढून टेबलावर आपटली होती. चार वर्षांत ती पहिल्यांदा कपाटाबाहेर आली होती. "आणखी दोनदा ओरडले की सही होईल," असं बायकोचं गणित होतं.

तेवढ्यात सोयीसाहेबांना पुरस्कार जाहीर झाला आणि मुख्यालयाने त्यांची पद्धत सगळीकडे लागू करायचं ठरवलं. त्यांनाच प्रशिक्षणाला बोलावलं. मोठ्या सभागृहात उभं राहून त्यांनी सांगितलं की कर्मचाऱ्यांचं असमाधान मुख्यतः प्रत्यक्ष भेटीतून जन्मतं. भेटीत माणूस प्रश्न विचारतो, प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर दिलं की ते पटत नाही. टाळ्या झाल्या. सोयीसाहेबांना खूप मोठं झाल्यासारखं वाटलं. त्यांच्या टिपणीवरून मुख्यालयातल्या सगळ्या भेटी बंद झाल्या आणि जागोजागी पडदे लागले. ते लावताना त्यांनी प्रत्येक पडद्याच्या मागे हात घालून पाहिलं आणि विजेची सोडून कुठेही वायर लोंबत नाही याबद्दल कंत्राटदाराचं कौतुक केलं.

पुरस्कार घेतल्यावर, हातात तो जड काचेचा ठोकळा घेऊन, ते सहज बदली शाखेकडे वळले. तापट साहेबांच्या टेबलाच्या जागी एक गुळगुळीत पडदा उभा होता.

"साहेब कुठे गेले?" त्यांनी शिपायाला विचारलं.

"त्यांना प्रसन्नतेच्या शिबिराला पाठवलंय. महिनाभर."

"आणि टेबलावरच्या फायली?"

"आवरल्या. टेबल दिसायला वाईट दिसत होतं. आता तुम्ही ते दाबायचं." शिपायाने पडद्याकडे बोट दाखवलं. 'बदलीसाठी अर्ज करा.'

सोयीसाहेब पडद्यापुढे उभे राहिले. मागे काय आहे हे या जगात त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. बायकोची इतकी आठवण आली की क्षणभर त्यांना काचेचा तो ठोकळा पडद्यावर हाणावासा वाटला. पण समोर बटण होतं आणि बोट आपलं आपण पुढे गेलं. दोनदा झटपट, तिसऱ्यांदा जरा दाबून. हिरवी खूण उमटली. घंटा वाजली. छातीवरचं ओझं उतरलं.

त्यांनी बाहेर येऊन फोन लावला. "अगं, अर्ज गेला!"

"कुठे?"

"पुढे."

"पुढे भिंत आहे, तूच सांगितलंस."

"हिरवी खूण आली पण. घंटाही वाजली."

"ती घंटा तूच निवडलीस ना रे?"

"म्हणून तर इतक्या खात्रीने सांगतोय! मी पारखून घेतलीये ती. ती वाजल्यावर काम होणार नाही असं वाटतच नाही."

पलीकडे ती खूप हसली. हसता हसता थांबली. "अरे, तू त्यांच्या मोठ्या साहेबांकडे जा ना. समोर उभा राहा आणि म्हण, मला माझ्या बायकोजवळ राहायचंय."

"भेटी बंद आहेत."

"कोणी केल्या?"

आत जेवायला बोलावतायत असं सांगून सोयीसाहेबांनी फोन ठेवला. नंतर सत्काराच्या जेवणात बसलेले असताना तिचा निरोप आला, 'या शनिवारी तरी येतोस का?' शेजारी संचालकबाई काहीतरी विचारत होत्या. सोयीसाहेबांनी घाईघाईने निरोपावर अंगठ्याची खूण दाबली, फोन खिशात घातला, आणि बायकोशी बोलणं झालं या समाधानात गोडाची वाटी पुढे ओढली. शनिवारी त्यांचं दुसऱ्या एका खात्यात व्याख्यान होतं.

तुम्ही सोयीसाहेबांना हसलात हे चांगलंच केलंत. माणूस हसण्यासारखाच आहे. पण सकाळी तुमच्याही फोनवर एक निरोप आला होता. 'कधी येतोस? बरेच दिवस झाले,' एवढाच. कामाची गडबड होती. तुम्ही त्यावर अंगठा दाबलात, आणि पुढे हे वाचायला घेतलंत. तिकडे आईच्या फोनवर तो अंगठा उमटला. तिने चष्मा लावून तो नीट पाहिला, आणि तिला बरं वाटलं.