कोठीसमोरच्या सात जणी

सुखदेवभाऊ माणसांना दटावतात तसे घरांनाही दटावतात. "हलू नको," असं ते लालबर्ऱ्याच्या रस्त्यावरच्या मालगुजारी कोठीला, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या बंगल्याला, म्हणाले, तेव्हा मी शेजारीच होते. भिंतीवर आंब्याची सावली हलत होती, एवढंच. ती थांबेपर्यंत त्यांनी कॅमेऱ्याचं बटण दाबलं नाही. मग कोठीला "शाब्बास" म्हणाले.

या कोठीचं आणि त्यांचं जुनं आहे. ऐन तारुण्यात ते सायकलने तिचा फोटो काढायला गेले होते. चौकीदाराने फाटकातूनच हाकललं. मग बालाघाटला परत येऊन त्यांनी जेवढी दिसली तेवढी कोठी आपल्या फोटो स्टुडिओच्या पडद्यावर रंगवली. खांब, पायऱ्या, गुलाबाचे ताटवे, कारंजं. कारंज्यात दोन हंस घातले. "दिसले नाही, पण असतीन," म्हणाले.

गावातल्या निम्म्या मुलींचे स्थळांना पाठवायचे फोटो त्या पडद्यासमोर निघाले. भाऊंची ताकीद एकच, "आता हसू नका. पसंती आल्यावर हसा." मीही गंभीर उभी राहिले. कोपर पुठ्ठ्याच्या खांबावर, नजर अशी की हंसांना रोज मीच दाणे टाकते. स्वतःला फार रूपवान समजत होते. रूप कसलं, अर्धा डबा पावडर होती. गोंदियाच्या सासूबाईंनी बघायला आल्यावर विचारलं, "कोठी कोणाची?" मी नुसती लाजले. लाजण्यात खोटं छान खपतं.

पुढे यजमानांची नोकरी बालाघाटातच लागली आणि आमचं बिऱ्हाड आलं नेमकं स्टुडिओसमोर. म्हणजे तो पडदा मला जन्मभर खिडकीतून दिसत राहिला.

मागच्या हिवाळ्यात कोठीचं हॉटेल व्हायचं ठरलं आणि फोटोंचं काम भाऊंकडे आलं. तिथला मॅनेजर तरुण, हिंदी बोलणारा. त्याने बजावलं, "अंकल, फ्रेम खाली चाहिए. कोई आदमी-औरत नहीं."

भाऊ, बिनलग्नाचा एकटा जीव, संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"सुमनबाई, उद्या सकाळी तयार राहा. पडद्यावाल्या ज्या-ज्या गावात आहेत त्यायले सांगतलं. तुमी सात जणी आहा."

"काहून? तो पोरगा त रिकामी फ्रेम मागते."

"मागू द्या. पडद्यासमोर उभं करून मी तुमाले खोटं केलं. एकदा तरी खरं करून द्या लागते."

"आता कोण पसंत करून राह्यलं आमाले?"

"म्हणूनच बरं आहे. घाई नाही."

सकाळी टेम्पोतून आम्ही सात जणी उतरलो. एकीचे गुडघे, दोघींचे मोतीबिंदू, माझी कंबर. मॅनेजर फाटकात आडवा आला.

"आंटी, आप लोग बाहर रुकिए."

"बेटा, इस कोठी पे मेरी शादी जमी है," मी म्हटलं. "बाहर का तो तू है."

तो भाऊंकडे वळला. "अंकल, काम दूसरे को दे देंगे."

"दे दो," भाऊ म्हणाले. त्यांनी कॅमेरा पिशवीत घातला आणि फाटकाच्या दगडावर बसले. आम्हीही बसलो. चिवड्याचा डबा उघडला. मॅनेजरलाही दिला, त्याने घेतला नाही.

कोठीचं तोंड पूर्वेला. पायऱ्यांवरचं ऊन अकरापर्यंतच टिकतं, आणि फोटो मालकांना त्याच दिवशी पाठवायचे होते. मॅनेजर घड्याळ पाहायचा, मग पायऱ्या पाहायचा, मग आम्हाला. आम्ही चिवडा चावत होतो. साडेदहाला तो म्हणाला, "जल्दी कर लीजिए."

भाऊ म्हणाले, "जल्दी नाही होत."

आणि नाहीच केली. आधी रिकाम्या कोठीचे, सावलीला दटावून. मग आमचे, एकेकीचा वेगळा. कोणाचा पदर सरळ केला, कोणाला चष्मा काढायला लावलं, पुन्हा घालायला लावलं. बागेत हंस नव्हतेच. कारंजं कोरडं होतं, त्यात माळ्याने कोथिंबीर लावली होती. "हेच चांगलं," भाऊ म्हणाले, "हंस काय कामाचे."

सातही जणी झाल्या. ऊन शेवटच्या पायरीवर उरलं होतं. मी म्हटलं, "आता तुमी उभे राहा."

"फोटूवाला फोटूत नसते."

"तुमचा स्थळाचा फोटो कोणी काढलता?"

"कोण काढीन? स्टुडिओत मी एकटाच त होतो." ते पिशवी आवरायला लागले. "राहून गेलं."

मी त्यांच्या हातून कॅमेरा घेतला. कुठलं बटण दाबायचं ते त्यांनी दोनदा समजावलं, मग सदऱ्याचं वरचं बटण लावून पायरीवर जाऊन उभे राहिले. डाव्या कडेला. फ्रेममध्ये उजवीकडे एका माणसाची जागा रिकामी दिसत होती.

"मधे या," मी म्हटलं. आले. मी कॅमेऱ्याला डोळा लावेपर्यंत पुन्हा डावीकडे सरकले. पुन्हा बोलावलं, पुन्हा आले, पुन्हा सरकले.  मग होते तसाच काढला.